संगमाला भिंत नको: पुरानंतरच्या नृसिंहवाडीविषयी एक प्रतिवाद

२०१९ आणि २०२१ या दोन महापुरांनंतर नृसिंहवाडीच्या कृष्णा-पंचगंगा संगमाविषयी कोल्हापूर जिल्ह्यात एक मत रुजत चालले आहे, आणि पौर्णिमेला वाडीची वारी करणाऱ्या कागल तालुक्यातील गावांतही ते मोठ्या आपुलकीने बोलले जाते. पुराने संगमाचे रूप बिघडवले, पहिल्यासारखी वाडी आता राहिली नाही, तेव्हा काठाला उंच संरक्षक भिंत घालावी, घाट वर उचलावा, परिसराचे सुशोभीकरण करावे आणि स्थळ पूर्ववत करून द्यावे, असा या मताचा आशय आहे. ते मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ज्या पायऱ्यांवर लहानपणी आजीचे बोट धरून उतरायचे त्या चिखलात रुतलेल्या पाहिल्या की कोणाचाही जीव तुटतो. तथापि हे मत चुकीचे आहे. भिंतीच्या उपयुक्ततेविषयीचा त्याचा हिशेब तर चुकलेला आहेच, पण ज्या सौंदर्यासाठी ते मांडले जाते त्या सौंदर्याची समजही त्यात चुकलेली आहे. संगम पुराने विद्रूप होत नाही. पुराची जागा काढून घेतल्याने तो विद्रूप होतो, आणि भिंत हे त्या जागेवरचे आणखी एक अतिक्रमण ठरेल.

प्रथम वाडीची रचना पाहावी. शिरोळ तालुक्यातील या क्षेत्री नृसिंहसरस्वतींच्या पादुकांचे मंदिर घाटावर, औदुंबराखाली, पात्राच्या इतके जवळ आहे की पावसाळ्यात नदी चढली की पाणी मंदिरात येतेच. त्या येण्याला वाडीत संकट मानत नाहीत. कृष्णेचे पाणी उत्तरेच्या दाराने आत शिरून पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या पाण्यात स्नान घडावे म्हणून भाविक रात्री-अपरात्री घरून निघतात, आणि सोहळ्याचा दिवस पंचांगात छापलेला नसल्यामुळे नदीच्या पातळीच्या बातमीकडे कान लावून बसतात. पाणी त्याहून वाढले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूच्या नारायणस्वामी मंदिरात नेली जाते, पूजाअर्चा तेथे चालते, आणि पाणी उतरल्यावर मूर्ती परत खाली येते. पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी विकणारे दुकानदारही पाण्याचा अंदाज घेऊन माल वर हलवतात. मूर्ती, पूजा, दुकान आणि वारी या सर्वांनी नदीच्या चढउताराशी पिढ्यानपिढ्या जमवून घेतलेले आहे, आणि पाहणाऱ्याला वाडीचे जे रूप मोहवते ते या जमवून घेण्यातूनच आलेले आहे. घाट वर उचलला आणि पुढे भिंत आली, तर दक्षिणद्वाराचे पाणी पादुकांपर्यंत पोहोचणारच नाही. पूर्ववत करण्याच्या नावाखाली जे पूर्वीपासून आहे तेच बंद पाडण्याचा हा प्रस्ताव आहे, आणि तो भाविकांच्या तोंडून यावा ही खेदाची गोष्ट आहे.

संगमाची शोभा घाटापुरती नाही, ती दोन्ही काठांच्या मळीत आहे. मळी म्हणजे पुराने वर्षानुवर्षे आणून टाकलेल्या गाळाची नदीकाठची जमीन. कृष्णाकाठची वांगी ज्या चवीसाठी ओळखली जातात ती या मातीची देणगी आहे. पावसाळा सरल्यावर संगमावर उभे राहिले असता जो रुंद, उतरत गेलेला, हिरवा काठ डोळ्यांना सुखावतो, तो पुरानेच घडवलेला आहे. त्या घडणीतून पूर वजा करून केवळ हिरवळ मागणाऱ्याच्या हाती अखेर फरशी, कठडा आणि कुंड्यांतली झाडे येतात, जी कोणत्याही शहरातल्या कोणत्याही तलावाभोवती सापडतात.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो आणि तो हलका नाही. दक्षिणद्वाराचा पूर वेगळा आणि २०१९ चा पूर वेगळा. पहिल्याचे गुणगान करून दुसऱ्याचे दुःख झाकता येणार नाही, असे पूरग्रस्त म्हणतात, आणि ते खरे आहे. कोल्हापूरजवळ कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजली जाते. तेथे ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी धरलेली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या वर आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर गेली. वाडीचे मंदिर पूर्ण पाण्याखाली होते. कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावरच्या ब्रह्मनाळ या सांगली जिल्ह्यातील गावात ८ ऑगस्ट २०१९ रोजी गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटून १७ जणांचे प्राण गेले. ब्रह्मनाळही संगमच आहे, आणि त्या संगमाविषयी बोलताना शोभेचा शब्द जिभेवर येऊ नये. त्यामुळे पूर हा नदीचा स्वभाव आहे एवढे म्हणून थांबणे हा प्रतिवाद नव्हे. सोहळ्याच्या पुराचा महापूर कशाने झाला, हे सांगण्याची जबाबदारी भिंतीला विरोध करणाऱ्यावर येते.

सर्वांत आधी पाऊस. दोन्ही वर्षी थोड्या दिवसांत सह्याद्रीच्या माथ्यावर आणि खाली पाणलोटात विलक्षण पाऊस पडला, हे कोणी नाकारत नाही. पण पडलेले पाणी किती चढेल आणि किती दिवस थांबेल हे उतारावर आणि वाटेवर ठरते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. डोंगरातून वेगाने येणाऱ्या या पाण्याला कोल्हापूरच्या खाली वाडीपर्यंत अतिशय मंद उतार मिळतो आणि नदी वळणे घेत संथ चालते. वाडीला कृष्णा आधीच भरून वाहत असेल तर पंचगंगेच्या पाण्याला आत शिरायला जागा राहत नाही, ते मागे साचत जाते. या मागे साचण्याला फुगवटा म्हणतात. कागलची दूधगंगाही या गणितात आहे, जरी ती वाडीला जात नाही. वेदगंगेला पोटात घेऊन ती पुढे चिकोडी तालुक्यात, म्हणजे वाडीच्या खालच्या अंगाला, कृष्णेला मिळते. ती दुथडी भरून आली की खालची कृष्णा फुगलेली राहते आणि वरच्या संगमाचे पाणी उतरायला आणखी वेळ लागतो. त्यामुळे दूधगंगेच्या काठी जे काही केले जाते त्याचा हिशेब वाडीच्या घाटावरही लागतो, आणि कागलच्या माणसाने वाडीला परका यात्रेकरू म्हणून पाहण्याचे कारण नाही.

आता वाटेचा विचार. पूर आला की नदी पात्र सोडून पसरते, तिचे पाणी दोन्ही काठांच्या सखल पट्ट्यात पातळ थराने हळूहळू पुढे सरकते. हा पट्टा म्हणजे नदीचे पूरक्षेत्र. त्याला आडवा मातीचा भराव घातला आणि पाण्याला जाण्यासाठी फक्त पुलाखालची मोरी ठेवली, तर तो भराव बांधासारखा वागतो. पुणे-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्गाचा अनुभव कागलला यासाठी कोणी शिकवायला नको. उत्तरेला शिरोलीजवळ पंचगंगेचे पाणी आणि दक्षिणेला निपाणीच्या अलीकडे यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले की मध्ये कागल अडकते, आणि शेकडो मालमोटारी दोन पाण्यांच्या मध्ये दिवस काढतात. या भागात महामार्ग भरावाऐवजी खांबांवर उचलावा, खालून पाणी मोकळे जाऊ द्यावे, ही मागणी पूरग्रस्त गावांनी लावून धरली आहे. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या चर्चेत ती पुन्हा पुन्हा पुढे आली, आणि नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला कागल तालुक्यातील शेतकऱ्यांनी जो विरोध केला त्यातही सुपीक जमीन जाण्याच्या भीतीबरोबर नव्या भरावाने पूर वाढेल ही भीती बोलून दाखवली गेली. ज्यांना भराव घातक वाटतो त्यांनी त्याच नदीला वाडीत भिंत मागावी, ही विसंगती आहे. भिंत हा उभा भरावच आहे. ती ज्या काठाला घातली जाईल त्या काठाचे पाणी समोरच्या काठावर लोटले जाईल. दोन्ही काठांना घातली तर पात्र आवळले जाऊन पाण्याची उंची वरच्या गावांत वाढेल. कुरुंदवाड, औरवाड, गौरवाड, शिरोळ ही गावे वाडीच्या आसपासच आहेत, आणि वाडीच्या रक्षणासाठी त्यांच्या घरांत पाणी घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.

धरणांचे नाव घेऊन केला जाणारा युक्तिवादही येथे तपासला पाहिजे, कारण कागलमध्ये तो विशेष आदराने केला जातो. राजर्षी शाहू हे कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मले. भोगावतीवरचे राधानगरी धरण त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतले आणि ते स्वातंत्र्यानंतर पूर्णत्वास गेले. दुष्काळाच्या काळात रयतेला पाणी मिळावे ही त्यामागची दृष्टी होती, आणि तिचे मोल कधीही कमी होणार नाही. पण पाणी साठवणारे धरण आपोआप पूर अडवणारे धरण ठरत नाही. राधानगरीची साठवण सुमारे ८.३६ टीएमसी आहे (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानेच उघडतात. धरण भरल्यावर ते उघडणार, त्या वेळी खाली पूर असो वा नसो. दूधगंगेवरचे काळम्मावाडी धरण २५.४० टीएमसीचे, म्हणजे त्याच्या तिपटीचे. तरीही ऑगस्टच्या आरंभी ते किती भरलेले ठेवायचे यावर कागलच्या खालच्या गावांचे नशीब अवलंबून असते. उन्हाळ्यात याच नदीतून इचलकरंजीला पाणी द्यावे की नाही यावर सुळकूड योजनेच्या निमित्ताने दूधगंगाकाठ पेटून उठतो, आणि पावसाळ्यात तेच पाणी नकोसे होते. दोन्ही प्रश्नांचे उत्तर साठा कधी करायचा आणि कधी सोडायचा या वेळापत्रकात आहे. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या उंचीचा वाद निराळा आणि गंभीर आहे. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२० च्या अहवालात २०१९ च्या पुराचे प्रमुख कारण अलमट्टी नसल्याचा निष्कर्ष काढला, आणि तो कृष्णाकाठच्या अनेक अभ्यासकांना व कार्यकर्त्यांना मान्य नाही. त्या वादाचा निकाल कोणताही लागो. अलमट्टी दोषी ठरली तरी वाडीच्या भिंतीने फुगवटा कमी होत नाही, आणि निर्दोष ठरली तरीही होत नाही.

पुरानंतर एखाद्या आवडत्या स्थळी परत जाणाऱ्याने पाहायचे काय, हा प्रश्न या सर्वांतून उरतो. पूर्ववत करण्याचा आग्रह धरणारे घाट पाहतात, पायऱ्या मोजतात, रंग उडालेला खांब पाहून हळहळतात. त्यांची नजर तेथेच थांबते ही खरी उणीव आहे. पाणी ओसरत असतानाच वाडीतली माणसे पायऱ्यांवरचा गाळ नदीच्याच पाण्याने मागे लोटत खाली उतरत जातात, कारण तो एकदा वाळला की खरवडून काढावा लागतो. चार दिवसांत घाट पुन्हा घाटासारखा दिसू लागतो. शेताला ती सोय नाही. वाडीहून परतताना कागलच्या माणसाने सिद्धनेर्ली, सुळकूड किंवा वेदगंगेकाठी बस्तवडे, बानगे या बाजूला बांधावर उभे राहून ऊस पाहावा. पाणी शेंड्याच्या वर जाऊन काही दिवस थांबले की पोंग्यात, म्हणजे न उलगडलेल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, गाळ बसतो आणि वाढीचा कोंब कुजतो. मग कांड्यांवर मुळ्या सुटतात, बाजूच्या डोळ्यांतून पांगशा फुटतात, आणि लांबून हिरवागार दिसणारा फड आतून पोकळ होत जातो. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो देखावा सुंदरच वाटतो. कारखान्याच्या काट्यावर वजन घटल्यावर त्याचा अर्थ शेतकऱ्याला कळतो. पुरानंतरच्या भेटीत हा फरक ओळखता आला नाही तर ती भेट व्यर्थ आहे, मग घाट कितीही झळझळीत करून ठेवलेला असो.

याउलट, पूरग्रस्त भागात पाहायला जाणेच अशोभनीय आहे असेही काही जण म्हणतात. पाणी चढत असताना पुलावर गर्दी करून छायाचित्रे काढणाऱ्यांपुरते ते योग्य आहे, पुढे नाही. वाडीचा संसार वारीवर चालतो. माणसे आलीच नाहीत तर पुरात वाचलेले दुकान नंतरच्या हंगामात बुडते. जाणे हे कर्तव्यच आहे, आणि ते एकदा हळहळून संपवण्यापेक्षा दरवर्षी पाळावे.

माणसे त्या जागा सोडून का जात नाहीत, असे विचारणाऱ्यांनाही प्रयाग चिखलीत उत्तर मिळते. १९८९ च्या पुरानंतर या गावाला सोनतळीच्या उंच जागी भूखंड देण्यात आले. तरीही जुने गाव ओस पडले नाही, कारण शेत, गोठा, देऊळ आणि भाऊबंद खालीच होते, आणि २०१९ मध्ये तेथूनच लोकांना बोटींनी बाहेर काढावे लागले. भूखंड म्हणजे पुनर्वसन नव्हे हे त्यावरून दिसते. त्याचप्रमाणे, माणसाला नदीकाठ सुटत नसेल तर काठावर राहण्याची रीत बदलावी लागेल, हेही दिसते. नेदरलँड्सने हीच वाट धरली. १९९३ आणि १९९५ च्या पुरांत, ज्यांतील दुसऱ्या वेळी सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले, त्या देशाच्या लक्षात आले की शतकानुशतके उंच करत नेलेले बांध आणखी उंच करून भागणार नाही. म्हणून तीसहून अधिक ठिकाणी बांध मागे सरकवणे, काठ खाली खोदणे, पुराला बगल-पात्र देणे अशी कामे काढली गेली. नायमेखेन शहरासमोर वाल नदीचा बांध सुमारे साडेतीनशे मीटर मागे घेण्यात आला, त्यासाठी काही घरे उठवावी लागली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत आज लोक फिरायला आणि पोहायला जातात. पाण्याशी झुंजण्यात जगात अग्रेसर समजल्या जाणाऱ्या देशाने भिंत मागे घेतली असताना कृष्णाकाठाने ती पुढे आणण्याचे समर्थन कशाच्या आधारावर करायचे?

महाराष्ट्रात त्यासाठी नवा कायदाही शोधावा लागत नाही. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा; पात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध आणि निळ्या-लाल रेषांमधला नियंत्रित मानला जातो. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ एकदा आला की शतकभर सुटका, असा होत नाही. दरवर्षी तशा पुराची शक्यता शंभरात एक असते, आणि तीन पावसाळ्यांत दोनदा राजाराम बंधाऱ्यावरची पातळी पन्नाशीच्या पुढे गेल्यावर जुन्या नोंदींवर आखलेल्या रेषा पुन्हा तपासणे भाग आहे. त्या नकाशावर राहतात, जमिनीवर दिसत नाहीत, ही मोठी अडचण आहे. निळ्या रेषेच्या आत प्लॉट पाडले जातात, भराव टाकून मंगल कार्यालये उभी राहतात, आणि पूर आला की सर्वांना सारखेच पंचनामे मिळतात. म्हणून वाडीच्या सुशोभीकरणावर जो निधी मागितला जातो तो आधी या रेषा गावोगाव दगड रोवून दाखवण्यावर खर्च व्हावा, प्रत्येक दगडावर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याची उंची कोरलेली असावी, आणि निषिद्ध पट्ट्यात ज्याचा ऊस उभा आहे त्या शेतकऱ्याला केवळ नुकसानभरपाईच्या रांगेत न ठेवता त्याचे शेत पुराचे पाणी झेलते म्हणून दरवर्षी ठरावीक मोबदला द्यावा. असा मोबदला मिळाला तर ती जमीन प्लॉटवाल्याला विकण्याची घाई त्याला राहणार नाही. दूधगंगेच्या काठी ही आखणी लवकर सुरू करता येईल, कारण सिद्धनेर्लीपासून सुळकूडपर्यंत बरेचसे पूरक्षेत्र अजून उसाखाली आहे, त्यावर सिमेंट आलेले नाही, आणि २०२१ च्या जुलैत पाणी कोणाच्या गोठ्याच्या कोणत्या पायरीला लागले होते हे बोट ठेवून सांगणारी माणसे त्या गावांत आहेत.